मोरीची ओल

"हा तो दिवा न्हाईच, मेस्त्री."

किशनराव देशमुखांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मुंजाजीला वाटलं. दिवा म्हणजे रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह; तो नुकताच खोबणीत बसला होता आणि मुंजाजीचा हात अजून सेटच्या आतच होता. रेडिओतून पूर्वीसारखीच खरखर येत होती. त्या खरखरीच्या पार पलीकडे कुणीतरी माणूस बोलत होता. पण शब्द एकही कळत नव्हता.

"आबासाहेब, तोच हाय. तुमच्याच सेटमधून काढून नेलता मी."

"मग लागंना कसा?"

"दोष त्याच्यात नव्हताच."

"मग नेला कामून?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं, पण ते आता कितीही खरं असलं तरी खरं वाटणार नव्हतं. मुंजाजीने हात बाहेर काढला, बोटांवरची धूळ धोतराला पुसली आणि तो सेटकडे बघत राहिला.

चारठाण्यात रेडिओ एवढा एकच. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली देशमुखांनी तो हैदराबादहून आणवला, आणि परभणीहून येऊन तो बसवला मुंजाजीनेच. मुंजाजी पिंगळीच्या पांचाळांचा. बाप गाड्यांची चाकं करायचा. हा जिनिंगात तारा ओढायला लागला, तिथून लढाईच्या दिवसांत सिकंदराबादेला एका दुकानात रेडिओचं काम शिकला आणि परत येऊन परभणीच्या ठेसनाजवळ त्याने स्वतःचं दुकान टाकलं. चारठाण्यात वीज नव्हती. सेट मोटारीच्या बॅटरीवर चाले. ती संपली की जिंतूरच्या जिनिंगात भरून आणायची, आणि माळवदावर दोन वेळूंना ताणलेली एरियलची तार वाऱ्याने सुटली तर बांधायची. एवढ्यावर सेट इतकी वर्षं बिनतक्रार बोलत होता.

या चैत्रात त्याचा आवाज बसला.

पहिल्या खेपेला मुंजाजीने सगळं तपासलं आणि दोष सापडेना म्हणून सेटच बैलगाडीत घालून जिंतूरला आणि तिथून सर्विस मोटारीने परभणीला नेला. वाटेत नाक्यावर पोलिसांनी तो उघडून बघितला, आत काय दडवलंय म्हणून. दुकानात आणून जोडला, तर सेट खणखणीत. दिवसभर लावून ठेवला, उन्हात ठेवून तापवला, लाकडी मुठीने ठोकून बघितला. तो बोलतच राहिला. मुंजाजीने तो तसाच परत आणून दिला. देशमुखांच्या बैठकीत जोडला आणि पुन्हा खरखर.

दुसऱ्या खेपेला त्याच्या मनात एका व्हॉल्व्हबद्दल संशय आला. काही व्हॉल्व्ह असेच लहरी असतात, आतली तार तापली की सरकते आणि निवली की जागेवर येते. म्हणून त्याने आपल्याजवळचा एक चांगला व्हॉल्व्ह तिथे बसवला आणि देशमुखांचा कापसात गुंडाळून तपासायला बरोबर नेला. सांगून नेला होता. पण मध्ये रझाकारांच्या धामधुमीने रस्ते बंद झाले, मोटारी बंद झाल्या, आणि परत यायला फार वेळ गेला. सरहद्दीपलीकडच्या वऱ्हाडातून माल यायचा थांबला होता. व्हॉल्व्ह तर सोन्याच्या मोलाचे झाले होते. अशा दिवसांत रेडिओवाल्याने सेटमधला व्हॉल्व्ह काढून नेला, आणि सेट होता तसाच बंद.

जिंतूरच्या बाजारात देशमुख एकदाच बोलले, "परभणीच्या मेस्त्रीनं आतला असली दिवा काढला अन् भंगार बसवलं." एकदाच बोलले, पण देशमुखांचं बोलणं. परभणीत दिनकरराव मास्तरांनी आपला सेट दुरुस्त न करताच परत नेला. कापसाच्या एका अडत्याने सेट दुकानात ठेवला, पण स्वतः समोर बसून राहिला. मुंजाजी पाणी प्यायला उठला तरी त्याची नजर मुंजाजीच्या हातावर. रात्री जेवताना बायको, चतुरा, म्हणाली होती, "सोनार अन् रेडिओवाला एकच, म्हनायलेत बाया. आडावर माझ्याकडं बगून हासतेत."

"हासू दे."

"तुमी जा बाबा चारठान्याला. त्येंचा तो दिवा त्येंच्या डोळ्यादेखत बसवून या. म्हंजे तोंड बंद."

म्हणून तो आला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत दिवा बसवलाही होता. आणि आता हे नवंच निघालं, की हा तो दिवाच नव्हे. काचेच्या एका दिव्यासारखाच दुसरा. त्यावर कुणाचं नाव कोरलेलं नसतं.

"मला दिवस मावळायच्या आत बगू द्या," तो म्हणाला. "आज दोष सापडल्याबिगर मी उठत न्हाई."

"बसा की," किशनराव म्हणाले. "उठवलंय कुनी?" आणि ते तक्क्याला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरायला लागले.

मुंजाजीने कामाला उलट्या टोकाकडून सुरुवात केली, जशी करायची असते. आधी बॅटरी. मीटरचा काटा जिथे असावा तिथे. मग बॅटरीची वीज वाढवून देणारा व्हायब्रेटर, तो एकसारखा भुणभुणत होता. मग कर्ण्यापाशी, तिथून शेवटचा व्हॉल्व्ह, मग त्याच्या अलीकडचा, असं एकेका टप्प्याने एरियलकडे सरकायचं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोपीला ओलं बोट लावलं की कर्ण्यातून गुरगुर उठे. जितकं मागे जावं तितकी ती मोठी. जिथे गुरगुर उठणार नाही तिथे दोष. पण ती प्रत्येक ठिकाणी उठली. मेण लावलेले कंडेन्सर उन्हाने पाझरतात, म्हणून त्याने एकेक सोडवून तपासला. सगळे चांगले. जोड पुन्हा डाकले. अर्थची तार सेटच्या मागून निघून भिंतीच्या भोकातून बाहेर जमिनीत जात होती. ती त्याने धरून ओढली. दोन्ही खेपांना ओढली होती, तशीच. जराही हलली नाही. घट्ट.

सेटमध्ये कसलाही दोष नव्हता, आणि सेट चालत नव्हता.

घाम नाकावरून ओघळून तारांवर पडत होता. एकदा त्याला वाटलं, हा सेट उचलून अंगणात आपटावा. वस्तू खोटं बोलत नाही, असं सिकंदराबादेचा उस्ताद म्हणायचा. माणूस खोटं बोलेल, वस्तू बोलणार नाही. मग ही वस्तू परभणीत एक सांगते आणि चारठाण्यात दुसरं, ते कसं?

"झालं का?" किशनरावांनी विचारलं.

"न्हाई."

"न्हाई सापडायचं. ज्यानं ठिवलं त्यालाच सापडतंय."

मुंजाजीने पकड खाली ठेवली. "एरियल बगून येतो," म्हणून तो जिन्याकडे गेला.

माळवदावर ऊन भाजत होतं. एरियल ठीक होती, वेळू ठीक होते, चिनी मातीच्या गोट्या जागच्या जागी होत्या. तो परत फिरला तेव्हा वाळवणाच्या दोरीवरच्या लुगड्याचा पदर तोंडावर आला आणि डोळ्यांत धूळ गेली. त्याने डोळे चोळले. दोरीवर लुगडी होती, एक पोराचं अंगडं होतं, एक परकर. भरल्या घराची दोरी. पण लुगड्यातून धूळ पडली होती. त्याने पदर हातात घेतला. कडक, कोरडा. बाहेरच्या बाजूने रंग उडून गेलेला, आणि घडीच्या आत तेच लुगडं गर्द हिरवं. कितीतरी दिवस ते याच घडीने याच दोरीवर होतं.

त्याला त्याचं काही वाटलं नाही. धुणं विसरलं असेल कुणी. तो खाली आला. हाताला तेल आणि काजळी लागली होती. परसात बायनाबाई तांदूळ निवडत बसली होती, देशमुखांकडे जन्म काढलेली म्हातारी.

"मावशी, हातावर पानी घाला जरा."

"मेस्तरी, पानी लय महाग झालंय बाबा. पार हिरीवरून डोक्यावर आनते मी." तरी ती तांब्या घेऊन उठली. "बसा मोरीपशी."

त्याने मोरीच्या दगडावर हात धुतले. काळं पाणी मोरीच्या तोंडातून भिंतीपलीकडे गेलं. सवयीने त्याने पलीकडे वाकून बघितलं, कारण कारागीर माणूस पाणी जाताना आणि तार जाताना बघतोच. पाणी कुठेच नव्हतं. ओघळ नव्हता, ओला डागही नव्हता. काळी जमीन तडकली होती, भेगांत पावलाचा पंजा जाईल इतकी, आणि ते तांब्याभर पाणी एका भेगेने गिळून टाकलं होतं. भेगांच्या कडेला वाळलेल्या कागदासारखं काहीतरी पडलं होतं. त्याने नीट बघितलं. अळूची पानं.

मुंजाजी तिथेच उकिडवा बसला.

सेट बसवला तेव्हा अर्थसाठी जागा त्यानेच शोधली होती. तांब्याचा पत्रा पुरायला बाराही महिने ओली राहील अशी जमीन हवी. घराभोवती फिरून त्याने ही जागा निवडली होती, मोरीचं पाणी पडत होतं ती. इथे अळूचं रान माजलं होतं, गुडघ्याएवढं. देशमुखांच्या मालकीणबाई, कावेरीबाई, पदर सावरत दारात येऊन म्हणाल्या होत्या, "मेस्त्री, माजं अळू मरंल की वो." आणि तो हसून म्हणाला होता, "न्हाई मरत, काकू. तुमचं अळू ओलं हाय तवर रेडिओला मरन न्हाई." या जागेचा त्याला अभिमान होता. परभणीत दोघातिघांना सांगितलीही होती युक्ती.

आणि दोन खेपा आणि आजचा दिवस त्याने ती तार आतून, भिंतीच्या भोकातून ओढून बघितली होती. हलत नाही म्हणून ठीक समजला होता. वाळलेल्या काळ्या मातीने तार दगडासारखी धरली होती, इतकंच. खाली पत्र्यापासून ती माती कधीच सुटून बाजूला झाली होती. परभणीत त्याच्या दुकानाची अर्थ आडाच्या पाण्यात सोडलेली. तिथे सेट बोलणारच. दोष सेटमध्ये असतो असं धरून तो सेटमध्येच बघत राहिला. शिकाऊ पोराला त्याने याच चुकीसाठी हाकललं असतं.

"मावशी," तो म्हणाला, "या मोरीत कुनी न्हात न्हाई का?"

"न्हायाला कोन हाय? मालक तर हिरीवर जातेत." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "म्हंजे... बाया लग्नाला गेल्यात. माहेरी. येतील की."

"कवा गेल्या?"

"झालं की... चैतात." मग तांब्या उगीच पुसत ती म्हणाली, "तुमी तुमचं काम बगा ना, मेस्तरी."

चैत्रात. सेटचा आवाज बसला तेव्हा. चैत्रात गेलेल्या बायकांची लुगडी दोरीवर. ती मुंजाजीने आता मनात पुन्हा बघितली, आणि ती कुणी आणि कशासाठी तिथे टाकली ते त्याला समजलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला माळवद दिसतं. मोरी दिसत नाही.

त्याने विहिरीवर जाऊन स्वतः पाणी शेंदलं. घागर, मग दुसरी, मग बायनाबाई बडबडत मदतीला आली. सगळं पाणी त्याने मोरीतच ओतलं. भेगा ते पीत राहिल्या. मग ओठ भिजावेत तशा त्यांच्या कडा काळ्याभोर झाल्या.

आतून किशनरावांची हाक आली. "मेस्त्री!"

तो धावत बैठकीत गेला. खरखर मागे सरली होती. एक बाई गात होती, कुठल्या तरी लांबच्या शहरात, आणि तिच्या गाण्यातला श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. किशनराव तक्क्यावरून पुढे सरकून बसले होते.

"काय केलंत?"

मुंजाजीने खिशातून कापसात गुंडाळलेला आपला व्हॉल्व्ह काढला, देशमुखांचा उपसला आणि त्या जागी तो बसवला. दिवा तापेपर्यंत शांतता. मग पुन्हा तीच बाई, तेच गाणं, तसंच स्वच्छ. त्याने पुन्हा अदलाबदल केली. फरक नाही.

"ह्यो तुमचा. ह्यो माजा. दोन्ही चांगले," तो म्हणाला. "दोष मोरीत होता, आबासाहेब. अर्थचा पत्रा तितंच पुरलाय मी. मोरीत पानी पडायचं थांबलं अन् जमीन सुकली."

इतके दिवस त्याने या घटकेची वाट बघितली होती. बोलायचंही ठरवून ठेवलं होतं. पण किशनरावांचा चेहरा बघून त्यातलं काही तोंडात येईना. ते सेटकडे बघत नव्हते. आतल्या दाराकडे बघत होते, जिकडून मोरीचा आवाज यायचा.

"लय पानी पडायचं," ते म्हणाले. "सकाळधरनं. दोघी सुना, पोरं... हिचं धुनं. मी म्हनायचो, अगं हिरीचा तळ दिसंल."

गाणं संपलं. कुणी पुरुष काहीतरी सांगू लागला. किशनरावांनी ते नीट ऐकलं, बातम्या नव्हेत हे कळल्यावर पुन्हा मागे टेकले.

"वऱ्हाडात धाडल्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "लोनारकडं, हिच्या भावाकडं. लग्न न्हाई अन् काई न्हाई. ह्यो डबा काय सांगतोय त्येच्यावर त्येंना कवा बोलवायचं ते ठरवायचं. म्हनून जीव ह्येच्यात."

"कळलं मला. लुगडी बगितली."

किशनराव दचकले. "दिसतंय का तसं?"

"रस्त्यावरून न्हाई दिसत. जवळून दिसतंय. मावशीला म्हनावं रोज भिजवून टाकीत जा."

मग किशनरावांनी ते विचारलंच. "बाजारात काय सांगनार, मेस्त्री? लोकं इचारतील, काय निघालं म्हनून."

मुंजाजीने अवजारं पिशवीत भरायला घेतली होती. त्याचे हात थांबले. दोष मोरीत होता म्हणावं, तर मोरी सुकली कशी, हे लोक विचारणार. जिंतूरच्या बाजारात निम्मे कान रझाकारांचे. देशमुखांनी बायका पोरं मुलखाबाहेर काढली म्हणजे देशमुखाचा या राज्यावर भरवसा राहिला नाही; आणि घरात एक म्हातारा आणि एक म्हातारी. दुसऱ्या दिवशी दारात ट्रक उभा. खरं सांगितल्याशिवाय त्याच्या नावावरचा डाग जाणार नव्हता, आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. एवढा खटाटोप करून दोष सापडला, तर तो असा.

त्याला संताप आला. देशमुखांचा, स्वतःचा, त्या दोन तड्यांमधल्या पत्र्याचा.

"तुमी एक शब्द बोललाव बाजारात," तो म्हणाला. "माजं दुकान बसलं त्यानं."

"बोललो," किशनराव म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही, पण अडकित्ता बाजूला ठेवला. "आता काय करू, सांगा."

मुंजाजीने पिशवीची नाडी ओढून घट्ट केली.

"न्हाऊन जा, मेस्त्री," किशनराव अचानक म्हणाले. "घामेजलाव. बायना, पानी काढ. मोरीत."

"मोरीत? अवं, बायांची मोरी ती," बायनाबाई आतून म्हणाली.

"मोरीतच काढ. सुकू नगं देऊ. उद्यापासनं माजं बी तितंच."

मुंजाजी मोरीच्या दगडावर बसला. कोपऱ्यात पाय घासायची वजरी होती, पांढरी पडलेली. भिंतीवर कुणी हळदीची बोटं पुसली होती, लहान बोटं आणि मोठी बोटं, एकावर एक. त्याने डोक्यावर तांब्या ओतला. पाणी दगडावरून पलीकडे गेलं, आणि बैठकीतला बोलणारा माणूस जरा जवळ आल्यासारखा वाटला.

परभणीला तो दुसऱ्या दिवशी पोचला. दुकान उघडून बसतो तोच समोरून दिनकरराव मास्तर छत्री टेकत आले. जिंतूरहून मोटारीत कुणीतरी बातमी आणलीच होती.

"काय मुंजाजी, देशमुखांचा सेट लागला म्हणे?"

"लागला."

"मग? दिवा परत दिलास वाटतं?"

मास्तर वाईट मनाने विचारत नव्हते. त्यांना नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, आणि दुपारच्या आत ते ठेसनापासून बाजारापर्यंत पोचणार होतं. मुंजाजीने समोरचा पेचकस उचलला, त्याचं टोक बघितलं आणि खाली ठेवला.

"दिला," तो म्हणाला.

"हं." मास्तरांनी छत्री काखेत घेतली. "बरं केलंस. देऊन टाकलेलं बरं." आणि ते गेले.

आतल्या दारात चतुरा उभी होती. तिने ऐकलं होतं. "काय निघालं मग?"

"व्हॉल्व्हच."

"म्हंजे लोकं खरंच बोलायलेत?"

"बोलू दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खोटं बोलताना कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. पोरीला हाक मारून ती मागे गेली. थोड्या वेळाने मोरीत तांब्या वाजला, पोर ओरडली, "आई, डोळ्यात जायलंय," आणि पाणी दगडावर पडल्याचा आवाज आला. एक तांब्या. मग दुसरा.

मुंजाजीने समोरचा उघडा सेट तसाच ठेवला आणि ते पाणी थांबेपर्यंत तो ऐकत बसला.